आईसाठी मराठीत गीता आणणारे विनोबा

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे अध्यक्षबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. वाण्याचा हिशेब आणि माहेरची पत्रे यापलीकडे माझ्या हातून फारसे लिहिणे झालेले नाही. परंतु अध्यक्षबाईंनी सांगितले की, गुरुवारचा गीतावाचनाचा वर्ग तुमच्याकडे आहे, तेव्हा त्या अंगाने जे मनात येईल ते लिहा. मग मी होकार दिला, आणि आचार्य विनोबा भावे यांचे नाव मनाशी धरले.

विनोबांचे नाव घेतले की आपल्याला भूदान आठवते. पण मी त्यांच्या चरित्राकडे वळले ते भूदानाकरिता नव्हे. माझ्या हातून वर्गात एक चूक झाली होती, आणि ती काय होती हे मला त्यांच्या चरित्रामुळे कळले. ती चूक आधी सांगते, म्हणजे पुढचे सारे नीट समजेल.

लहानपणी माझ्या आजोबांनी मजकडून गीतेचे काही अध्याय पाठ करून घेतले होते. उच्चार बरे आहेत म्हणून वर्ग माझ्याकडे आला. सुरुवातीला चोवीस जणी येत. पाळीपाळीने एकेकीने श्लोक वाचावा आणि मी अर्थ सांगावा, अशी पद्धत. आपल्यातील एक भगिनी, जिला दिवसभर कामातून उसंत नसते, ती घाईघाईने येऊन अगदी पुढे बसत असे. पंधराव्या अध्यायात तिची पाळी आली आणि ती जोडाक्षरावर अडखळली. मी तिला थांबवून सुधारले. ती पुन्हा अडखळली, मी पुन्हा थांबवले. चौथ्या वेळी मी तिला सांगितले की, तू वाचू नकोस, नुसती ऐक. दोघी-तिघी हसल्या. तिने पुस्तक मिटून सतरंजीवर ठेवले, आणि पुढच्या गुरुवारी ती आली नाही. त्यानंतर बाकीच्या भगिनीही वाचायला नको म्हणू लागल्या. कोणाचा चष्मा घरी राही, कोणाचा घसा बसलेला असे. चोविसाच्या नऊ जणी झाल्या. बायकांना परमार्थाची गोडीच नाही, असे मी घरी येऊन म्हणत असे.

त्या पावसाळ्यात सासूबाईंची जुनी पेटी आवरताना तळाशी दोन पुस्तके सापडली, एक गीताई आणि दुसरे गीता प्रवचने. दुपारच्या वेळी ती वाचू लागले, आणि मग मिळेल तेथून विनोबांची आणखीही माहिती गोळा केली.

विनोबांचे मूळ नाव विनायक नरहर भावे. त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी, त्या वेळच्या कुलाबा व आताच्या रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात गागोदे या खेड्यात झाला. वडील नोकरीनिमित्त बडोद्यास असत, म्हणून पुढे सारे कुटुंब तिकडे गेले. आईचे नाव रुक्मिणीबाई. ती शाळेत शिकलेली नव्हती, परंतु देवाचे करण्यात आणि शेजाऱ्यांच्या उपयोगी पडण्यात तिचा दिवस जाई. मुलांवर तिचाच संस्कार खोल झाला.

तिची एक गोष्ट मला फार आवडते. देवाला लाख तांदूळ वाहण्याचा तिचा संकल्प होता. रोज ती एकेक दाणा मोजून वाही. विनोबांच्या वडिलांनी ते पाहून सुचवले की, एक तोळ्याचे दाणे मोजावे आणि त्या मापाने लाखाचे वजन काढून तितके तांदूळ वाहावेत, म्हणजे श्रम वाचतील. हिशेब अगदी बरोबर होता. तिला उत्तर सुचेना, म्हणून तिने विनायकाला विचारले. विनायकाने सांगितले की, हे दाणे म्हणजे नुसते गणित नव्हे. प्रत्येक दाण्याबरोबर देवाचे स्मरण होते, ते वजनाने कसे होणार? म्हणून एकेक दाणाच मोजावा. आईला ते पटले. मी अध्याय भराभर संपवीत होते, अठरा अध्याय वर्षात झाले पाहिजेत असा माझा हट्ट होता, त्याची मला येथे आठवण झाली.

आता गीतेची गोष्ट. १९१५ च्या सुमारास बडोद्यास कोणी गीतेवर प्रवचने करीत असत. रुक्मिणीबाई ऐकायला जात. पण संस्कृत त्यांच्या कानावरून जाई, मनात उतरत नसे. त्यांनी मुलाला मराठी गीता आणून देण्यास सांगितले. मुलाने वामन पंडितांची समश्लोकी आणून दिली. ती मराठी खरी, परंतु तीही त्यांना अवघड वाटली. याहून सोपी नाही का, असे त्यांनी विचारले. तशी मिळेना, तेव्हा आई मुलाला म्हणाली की, मग तूच का करीत नाहीस? तुला ते करता येईल.

भगिनींनो, या ठिकाणी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. या माउलीला समजले नाही, तरी तिने आपण अडाणी आहोत असे मानले नाही. प्रवचनाला जाणेही हलके ठरवले नाही. मला कळेल असे करून दे, एवढेच तिने मागितले. आणि मुलानेही तिला, तू नुसती ऐक, असे सांगितले नाही.

विनायकाची वृत्ती लहानपणापासून विरक्त होती. एकदा आईच्या चुलीपाशी बसून त्यांनी आपली शाळेची प्रमाणपत्रे विस्तवात टाकली. पुढे कधी तरी लागतील, असे आईला वाटले. त्यांना मात्र ती कधीच लागणार नाहीत याची खात्री होती. २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी ते मुंबईस निघाले, पण वाटेत सुरतेस उतरून त्यांनी काशीची वाट धरली. तेथे त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला. गांधीजींच्या भाषणाची वार्ता त्यांना तेथेच कळली, पत्रव्यवहार झाला, आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळ कोचरब येथील आश्रमात त्यांची गांधीजींशी भेट झाली. तेव्हापासून ते आश्रमाचे झाले.

१९१७ मध्ये त्यांनी आश्रमातून एक वर्षाची रजा घेतली आणि वाईला प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी उपनिषदे, गीता, ब्रह्मसूत्रे यांचे अध्ययन केले. ते स्वतः शिकत होतेच, पण त्याच वेळी दुसऱ्यांना शिकवीतही होते. गीतेच्या वर्गात त्यांच्यापाशी सहा विद्यार्थी होते. ज्ञानेश्वरीचे सहा अध्याय त्यांनी चौघांना सांगितले. उपनिषदे शिकायला दोघेच होते. फी काही नव्हती. आकडे मी मुद्दाम देते. पुढे ज्यांच्या सभेला हजारो माणसे लोटली, त्यांनी चौघांपुढे ज्ञानेश्वरी सांगितली, आणि गांधीजींना पत्रातून हे आकडे जसेच्या तसे कळवले. आपल्या वर्गात नऊच जणी राहिल्या याचे मला जे दुःख होते, ते माझ्या मानाचे होते असे आता वाटते. नवांना कळते आहे का, हे मी पाहिलेच नव्हते.

वाईला त्यांनी आणखी एक गोष्ट केली, ती आपल्या मंडळास उपयोगी आहे. तेथे विद्यार्थ्यांचे एक मंडळ काढून वाचनालय चालू केले. वाचनालयाला पैसा लागतो. तो वर्गणीने न मागता पंधरा जणांनी जात्यावर लोकांचे दळण दळून मिळवला. दोन शेरांना एक पैसा असा दर होता. ज्या जात्यावर आपल्या आज्या-पणज्यांनी जन्म काढला, त्याच जात्यावर गीता शिकणारे मुलगे बसले, हे वाचून मला कौतुक वाटले. ज्ञान वेगळे आणि कष्ट वेगळे असे त्यांनी मानलेच नाही. रजेचे वर्ष संपले, त्याच दिवशी ते आश्रमात परत हजर झाले. दिलेली वेळ पाळणे त्यांना धर्मासारखे होते. आमचा वर्ग चारचा. मी सव्वाचारला आरंभ करीत असे आणि साडेपाच वाजून गेले तरी बोलत राहत असे. ज्यांची मुले शाळेतून घरी येऊन दाराशी उभी असत, त्यांचे लक्ष माझ्या अर्थाकडे कोठून असणार?

१९१८ च्या ऑक्टोबरात इन्फ्लुएन्झाच्या साथीत रुक्मिणीबाई वारल्या. विनोबा शेवटी तिच्याजवळ होते. अंत्यविधी भटजीकडून न होता आपल्या हातून व्हावा असे त्यांचे म्हणणे होते. ते मान्य झाले नाही, तेव्हा ते स्मशानात गेले नाहीत. स्नान करून ग्रंथ घेऊन बसले. हे वागणे कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. पण आईची मागणी मात्र त्यांच्या मनातून गेली नाही.

१९२१ मध्ये ते वर्ध्याच्या आश्रमात आले. सूत, खादी, शेती, सफाई, लेखन असा त्यांचा दिवस असे. आईने मागितलेल्या मराठी गीतेला हात घालीपर्यंत मात्र पंधरा वर्षे गेली. ७ ऑक्टोबर १९३० रोजी पहाटे, प्रार्थनेनंतर, त्यांनी आरंभ केला आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी काम पुरे झाले. मूळ गीतेचे सातशे श्लोक. श्लोकाला श्लोक असे सोपे मराठी केले. नाव ठेवले गीताई. त्यात गीताही आली आणि आईही आली.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हा सारा लेख लिहिला, ती सांगते. गीताई लिहून झाल्यावर विनोबांनी ती लगेच छापावयास दिली नाही. आश्रमातील एका लहान मुलीला त्यांनी ती शिकवली. ती मुलगी जेथे अडखळे, तेथे ते खूण करून ठेवीत, आणि मग ती जागा स्वतः बदलीत.

मी हे तीनदा वाचले. उपनिषदे शिकलेला हा विद्वान, पण परीक्षा कोणाची घेतली? मुलीची नव्हे, आपल्या लिहिण्याची. मुलगी अडखळली की चूक मुलीची नव्हे, शब्दाची. मी मात्र चार वेळा अडखळणाऱ्या भगिनीची चूक धरली होती. ज्या पायरीवर चढताना माणसाचा पाय अडतो, ती पायरी उंच आहे असे विनोबांनी मानले. मी पायालाच बोल लावला.

गीताई छापून निघाली ती १९३२ मध्ये, धुळ्यास, आणि त्या वेळी विनोबा धुळ्याच्याच तुरुंगात होते. त्या तुरुंगातील हकीकत म्हणजे ग्रंथावर मिळून विचार कसा करावा याचा मोठा धडा आहे. स्वातंत्र्याच्या चळवळीतील पुष्कळ मंडळी तेथे होती. जमनालाल बजाज होते, साने गुरुजी होते. शेतकरी होते, गरीब कार्यकर्ते होते, शिकलेले होते आणि न शिकलेलेही होते. दर रविवारी विनोबांनी गीतेच्या एका अध्यायावर बोलावे असे ठरले. २१ फेब्रुवारी १९३२ ला पहिला अध्याय झाला आणि १९ जून १९३२ ला अठरावा. अठरा अध्यायांना अठरा रविवार. मध्ये एकही रविवार चुकला नाही.

प्रथम ही प्रवचने पुरुषांपुरतीच होती. स्त्री-राजबंदिनींनाही ऐकण्याची इच्छा झाली, आणि त्यांनाही येण्याची परवानगी मिळाली. पुढे तुरुंगाचे अधिकारीसुद्धा ऐकावयास बसत. विनोबा त्या तुरुंगात नुसते प्रवचनच करीत नव्हते. राजबंद्यांनी आपण होऊन दळणाची व स्वयंपाकघराची कामे अंगावर घ्यावीत असे त्यांनी सर्वांना पटवले. आठवडाभर ज्यांच्या बरोबरीने काम करावयाचे, त्यांच्यापुढेच रविवारी बोलावयाचे. त्यामुळे समोरच्याला काय कळते, काय टोचते, हे त्यांना ठाऊक असे.

साने गुरुजी ती प्रवचने भराभर लिहून घेत. गुरुजींचे मन आईचे आणि लेखणी वेगवान. त्यांनी लिहून घेतले म्हणून ते बोलणे आपल्यापर्यंत आले. नाही तर तुरुंगाच्या भिंतींतच विरून गेले असते. पुढे या पुस्तकाची देशातील अनेक भाषांत भाषांतरे झाली. आपल्या वर्गातही कोणी तरी वहीत चार ओळी टिपून ठेवाव्या, हे मला येथूनच सुचले.

त्या प्रवचनांत विनोबा कसे समजावून देतात याची दोन उदाहरणे देते. पहिल्या अध्यायातील अर्जुनाचा मोह सांगताना ते एका न्यायाधीशाची गोष्ट सांगतात. त्याने शेकडो गुन्हेगारांना फाशीची शिक्षा दिलेली असते. एके दिवशी त्याचा स्वतःचा मुलगा खुनाच्या आरोपाखाली समोर येतो, आणि तेव्हा न्यायाधीश फाशी कशी वाईट आहे हे सांगू लागतो. फाशी वाईट की चांगली हा प्रश्नच नाही. मुलगा आपला आहे म्हणून बुद्धी फिरली. अर्जुनाचेही तसेच झाले. एवढी एक गोष्ट ऐकली की मोह म्हणजे काय हे शब्दकोश न पाहता कळते.

दुसरे उदाहरण दहाव्या अध्यायातील आहे. लहान मुलाला आपण आधी सोपी अक्षरे शिकवतो आणि जोडाक्षरे मागाहून. त्याचप्रमाणे देव पाहावयाचा तो आधी सोप्या ठिकाणी पाहावा, आईमध्ये, सज्जनामध्ये; कठीण ठिकाणी मागाहून दिसेल. राम हे सोपे अक्षर आहे आणि रावण हे जोडाक्षर आहे, असा त्या सांगण्याचा आशय. जोडाक्षरातही अक्षर तेच असते, पण ते ओळखायला वेळ लागतो. जोडाक्षराचे नाव निघताच मला ती सतरंजीवर ठेवलेली पोथी दिसू लागली. मला वाटले, मला सारी जोडाक्षरे येतात असा माझा गर्व होता, पण समोरच्या भगिनीतला देव हे सोपे अक्षरही मला वाचता आले नाही.

पुढे १९४२ च्या चळवळीत विनोबा पुन्हा तुरुंगात गेले. वेल्लोरच्या तुरुंगात ते दक्षिणेकडील चार भाषा शिकले. शिवनीच्या तुरुंगात १९४४ मध्ये त्यांनी दुसऱ्या अध्यायाच्या शेवटच्या अठरा श्लोकांवर, म्हणजे स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर, अठरा व्याख्याने दिली. धुळ्यास अठरा दिवसांत सातशे श्लोक झाले होते. येथे तितक्याच दिवसांत अठराच. कधी सारे शेत एका नजरेत पाहावे, कधी एकाच वाफ्यात बसून निंदावे. ऐकणारे कोण आणि हेतू काय, यावर वेग ठरतो.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणात पोचमपल्ली येथे पहिले भूदान मिळाले, आणि त्यानंतर तेरा वर्षे विनोबा देशभर पायी हिंडले. ती कथा मोठी आहे आणि आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे, म्हणून येथे थोडक्यात आवरते. त्या यात्रेतही गीता प्रवचने त्यांच्याबरोबर असत. सायंकाळच्या सभेत स्थितप्रज्ञाचे श्लोक होत, आणि पुढे सर्व धर्मांच्या लोकांना एकत्र बसता यावे म्हणून त्यांनी मौन प्रार्थना चालू केली. शब्दावरून भांडण होते, मौनावरून होत नाही. १९५८ मध्ये पंढरपुरास निरनिराळ्या धर्मांच्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन ते विठ्ठलाच्या दर्शनास गेले. कुराण, धम्मपद, ख्रिस्ती धर्म, जपुजी यांचाही अभ्यास करून त्यांनी त्या ग्रंथांवर सोपी पुस्तके केली. गीताईतील शब्दांचा एक कोशही त्यांनी आपले बंधू शिवाजी भावे यांच्यासह तयार केला. अर्थावरून मतभेद झाला तर माणसाकडे न पाहता कोशाकडे पाहता यावे, याची ही किती चांगली सोय आहे!

स्त्रियांच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोठे काम मला पवनारचे वाटते. वर्ध्याजवळ धाम नदीच्या काठी पवनार येथे २५ मार्च १९५९ रोजी त्यांनी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले, ते मुख्यतः स्त्रियांसाठी. स्त्रियांनी एकत्र राहून शेती, स्वयंपाक, सफाई, छापखाना अशी कामे करावीत आणि अध्यात्माचा अभ्यासही मिळून करावा. तेथे कोणी एक प्रमुख नाही. जे ठरावयाचे ते सर्वांच्या संमतीने ठरते; एकीलाही पटले नसेल तर थांबावयाचे आणि पुन्हा विचार करावयाचा. धर्माचे ग्रंथ बहुतेक पुरुषांनी लिहिले, आता स्त्रियांनीही स्वतः विचार करून शास्त्र सांगावे, शंकराचार्यांसारखी ज्ञानी व विरक्त स्त्री निर्माण व्हावी, अशी त्यांची तळमळ होती. सातवी शिकलेल्या बाईने आपला अर्थ सांगण्यास भिऊ नये, एवढे तरी बळ मी त्यातून घेतले.

विनोबांचे सारेच सर्वांना पटले असे नाही. १९७५ च्या आणीबाणीतील त्यांच्या भूमिकेवर पुष्कळ टीका झाली. तो विषय जाणत्यांचा आहे. अखेरच्या काळात ते पवनारलाच राहिले. १९८२ च्या नोव्हेंबरात आजारी पडल्यावर त्यांनी अन्न, पाणी व औषध सोडले, आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दिवाळीच्या दिवशी, देह ठेवला. पुढील वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. वर्ध्याच्या गीताई मंदिरात आज गीताईचे श्लोक दगडी शिळांवर कोरलेले पाहावयास मिळतात. ज्या माउलीला गीता कळेना, तिच्या एका मागणीचे हे फळ.

आता राहिली माझी गोष्ट. वाचून झाल्यावर मी गीताई घेऊन त्या भगिनीच्या घरी गेले. ती गहू निवडत होती. तिने बस म्हटले, पण सूप खाली ठेवले नाही. मीही शेजारी बसून खडे वेचू लागले. थोड्या वेळाने मी तिला सांगितले की, माझे चुकले. ती म्हणाली की, तुम्ही सुधारले त्याचा मला राग नव्हता. त्या दिवशी तिची मुलगी बरोबर आली होती. आईला गीता वाचता येते, असे तिने मुलीला सांगून आणले होते.

यावर मला बोलता येईना. मग मी तिला विनंती केली की, मी गीताई वाचते, तुला कोठे अडते ते तू सांग. तिने दोन ठिकाणी थांबवले. त्यांपैकी एका शब्दाचा अर्थ मलाही नीट येत नव्हता, हे तेव्हा ध्यानात आले.

त्यानंतर वर्गाची रीत आम्ही बदलली. चारला आरंभ आणि पाचला समाप्ती, मग वाक्य अर्धे राहिले तरी चालेल. गीताईतील चारच श्लोक घ्यावयाचे. वाचताना कोणी अडखळली तर तिला टोकावयाचे नाही. ती स्वतः मागे जाऊन पुन्हा वाचील इतकी वाट पाहावयाची. अर्थ प्रथम मी सांगावयाचा नाही. जी आधीच्या गुरुवारी बोलली नसेल तिला पहिल्यांदा विचारावयाचे, आणि सांगावयाचे नसेल तर आग्रह धरावयाचा नाही. अर्थ सांगताना प्रत्येकीने आपल्या घरातले एक उदाहरण द्यावे. दुसऱ्याच्या घरातले नको, कारण तेथे चर्चेची चहाडी होते. मतभेद झाला तर कोश पाहावा, आणि तरीही मिटला नाही तर दोन्ही अर्थ वहीत लिहून ठेवावे. शेवटी दोन मिनिटे सर्वांनी गप्प बसावे. यात माझी अक्कल थोडी, विनोबांच्या चरित्राचे ऋण जास्त.

ती भगिनी लगेच आली नाही. तिसऱ्या गुरुवारी आली, आणि मुलीला घेऊन आली. न्यायाधीशाची गोष्ट निघाली होती. शेजारणीची मुलगी उशिरा घरी आली की आपण काय म्हणतो आणि आपली आली की काय म्हणतो, असे तिने एका वाक्यात सांगितले, आणि आम्ही साऱ्याजणी खाली पाहू लागलो. मी तासभर बोलले असते तरी मोहाचा अर्थ इतका स्पष्ट झाला नसता. मग तिने श्लोक वाचला. एका शब्दावर ती थांबली. कोणी बोलले नाही. ती मागे गेली आणि पुन्हा वाचून पुढे निघून गेली. आज वर्गात सतरा जणी आहेत, आणि वही तिची मुलगी लिहिते.

भगिनींनो, ज्यांनी पूर्वी येणे सोडले त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की, गुरुवारी चार वाजता अवश्य या. वाचता येत नसेल तर ऐकायला या, ऐकून कळले नाही तर तसे सांगायला या. रुक्मिणीबाईंनी कळत नाही असे सांगितले म्हणून महाराष्ट्राला गीताई मिळाली. आपल्यापैकी कोणाच्या न कळण्यातून काय निघेल, कोणी सांगावे?

लिहिण्यात काही अधिक-उणे झाले असेल तर लहान बहीण समजून सांभाळून घ्यावे.